कच्चे घर, पक्के घर

सरकारी कागदांत घरांच्या मुख्य जाती दोन. एक पक्के घर आणि दुसरे कच्चे घर. भाजलेली वीट, दगड, सिमेंट, काँक्रीट असेल तर पक्के. भिंत मातीची असली की घराची पक्क्यात गणना होत नाही, मग ते किती वर्षे उभे आहे हे कुणी विचारत नाही. कागदावरचे हे शब्द हळूहळू माणसांच्या तोंडी येतात. मुलीचे स्थळ पाहायला आलेले पाहुणे सपरीत बसल्याबसल्या वर कवेलूंकडे नजर टाकतात आणि चहा पिता पिता विचारतात, "स्लॅब केव्हा टाकता?"

देवळीतले आमचे घर या हिशेबाने कच्चे आहे. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलूंचे छप्पर. समोर सपरी, आत माजघर, मधे अंगण, मागे सांदवाडी आणि विहीर. आमचे दादा सांगत, "बापू सेगावला आले, त्या साली पाया घातला." बापू सेगावला राहायला आले ते ३० एप्रिल १९३६ रोजी. म्हणजे आमचे कच्चे घर नव्वदीला पोचले आहे. आमच्याच गल्लीत माझ्या लहानपणी बांधलेल्या दोन पक्क्या घरांच्या स्लॅबमधून आता गंजलेल्या सळया दिसतात. माझे बोलणे कुणाला टोचावे म्हणून हे लिहीत नाही. शब्द आणि वस्तू यांत केवढे अंतर पडू शकते, एवढेच सांगायचे आहे.

देवळी हे वर्धा जिल्ह्यातले, वर्धा-यवतमाळ रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. भोवती काळी कसदार जमीन आणि कापूस. ब्रिटिश काळात इथे सरकी काढणारे जिन उभे राहिले, बाजार वाढला, आणि त्या बाजाराच्या आधाराने आमच्यासारखी मुस्लिम कुटुंबे इथे स्थिरावली. दादा एका जिनात वजनकाट्यावर होते. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधले. माती गावातलीच, लाकूड जुन्या पडक्या वाड्याचे, कवेलू इथल्या कुंभारांचे. बाहेरून फारसे काही आणावेच लागले नाही.

२०१९ मध्ये अब्बा गेले आणि वाटणीचा प्रश्न निघाला. आम्ही चार भावंडे. दोन भाऊ, दोन बहिणी. भाईजानांचे म्हणणे होते की घर पाडावे, खाली दुकानाचे गाळे काढावेत आणि वर तिघा-चौघांना पुरतील अशा स्लॅबच्या खोल्या. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्यांना मुले आहेत, मुलांची लग्ने आहेत. शिवाय मे महिन्यात सपरीत बसवत नव्हते हेही खरे होते. वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातो. दोन कूलर चालू असूनही अम्मीला झोप लागत नसे आणि विजेचे बिल पाहून धाकट्याची झोप उडत असे.

अम्मी सगळ्यांचे ऐकत होती. शरीअतप्रमाणे पतीच्या मालमत्तेत, मुलेबाळे असतील तर, पत्नीचा आठवा हिस्सा. तिने एवढेच विचारले, "मेरा आठवां हिस्सा कौनसा, पहले वो दिखाओ. फिर गिराओ." यावर कुणाकडेच उत्तर नव्हते. घराच्या कुठल्या भिंतीचा, कुठल्या खांबाचा आठवा भाग तिचा? तिने बेचाळीस वर्षे सारवलेल्या जमिनीचा आठवा भाग कसा मोजायचा? शेवटी ठरले ते असे: अंगणाच्या पलीकडची पूर्वेची बाजू भाईजानांनी घ्यावी आणि तिथे हवे ते बांधावे. सपरी, माजघर आणि सांदवाडी अम्मीच्या हयातीत तशीच राहावी. धाकट्याचा आणि बहिणीचा हिस्सा मी माझ्या सेवानिवृत्तीच्या रकमेतून घेतला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तेहतीस वर्षे शिकवले, त्या पैशाचे झाले ते हे.

घर तर वाचले. पण वाचलेले घर तापत होते. मग मी शोधू लागले की ज्या घरात आमच्या दादीने विजेविना उन्हाळे काढले, ते आता कूलर लावूनही का तापते? उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. घर तापत होते ते जुने होते म्हणून नव्हे. मधल्या तीस-चाळीस वर्षांत आपण त्याला थोडे थोडे पक्के करत गेलो होतो म्हणून. जिथे हात पुरला तिथे अब्बांनी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. सपरीवरची कवेलू गळतात म्हणून तिथे टिना टाकल्या होत्या. माळ्याच्या दोन्ही टोकांचे झरोके चिमण्या येतात म्हणून विटांनी बुजवले होते. यातली प्रत्येक गोष्ट त्या त्या वेळी सोयीची होती आणि अब्बांच्या ऐपतीतली होती. पण सगळ्या मिळून त्यांनी घराचा श्वास कोंडला होता.

शाळेत असताना मुलांना घेऊन मी अनेकदा सेवाग्रामला गेले आहे. बापूकुटीत मुले दोन मिनिटांत शांत होतात. त्याचे कारण मी नेहमी पावित्र्याशी जोडत असे, पण त्यात थंडाव्याचाही वाटा आहे. गांधीजींनी घर बांधण्यासाठी अट घातली होती की खर्च शंभर रुपयांच्या आसपास असावा आणि साहित्य व कारागीर आसपासचेच असावेत. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, खाली उतरलेले छप्पर आणि भोवती ओसरी. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पकाराने (१९१७-२००७) पुढे भारतात आयुष्यभर कमी खर्चाची घरे बांधली. पाच मैलांच्या आत मिळेल त्या साहित्याने घर बांधावे, ही गांधीजींची गोष्ट आपल्या मनात बसली असे ते सांगत. वर्ध्याजवळ दत्तपूरला देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या, एकात एक बसणाऱ्या शंकूसारख्या नळ्यांच्या कमानी रचून छप्पर करण्याची पद्धत विकसित झाली. म्हणजे मातीचे शास्त्र आमच्या उंबऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर होते आणि आम्ही टिना विकत घेत होतो.

हे शास्त्र फार अवघड नाही. जाड मातीची भिंत ऊन लगेच आत सोडत नाही. दुपारी बाहेरून तापलेली भिंत आतून तापायला रात्र उजाडते. तेव्हा बाहेरची हवा निवलेली असते. खिडक्या उघडल्या की ती ऊब निघून जाते आणि पहाटेपर्यंत भिंत पुन्हा गार होते. पातळ पत्रा मात्र ऊन जसेच्या तसे खाली पाठवतो. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री, नेमके झोपायच्या वेळी, ते अंगावर सोडतो. घरात सर्वांत जास्त उष्णता छपरातून येते, कारण उन्हाळ्यातला सूर्य डोक्यावर असतो. म्हणून दुरुस्तीचा पहिला पैसा छपरावर घालायचा असे ठरवले.

मिस्त्री शोधायलाच चार महिने गेले. नव्या मुलांना विटा आणि सिमेंट येते, चुना येत नाही. शेवटी पंच्याहत्तरीचे एक बाबा भेटले. त्यांनी सपरीची भिंत बोटाने ठोकून पाहिली, सिमेंटचा एक पोपडा काढला, तर आतली माती ओली निघाली. म्हणाले, "बाई, मातीच्या भितीले सिमेट लावनं म्हंजे मानसाले रेनकोट घालून उन्हात उभं करनं हाय. घाम निंगाले जागाच नाई. आतून सडते ते." जमिनीतली ओल भिंतीत चढते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती बाहेर जाऊ देतो. सिमेंट तिला कोंडते. भिंत आतून भुसभुशीत होते आणि मग लोक म्हणतात, मातीचे घर टिकत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर काम सुरू झाले. आधी सगळे सिमेंट खरवडून काढले. कळीचा चुना टाक्यात विझवून महिनाभर भिजत ठेवला. त्यात वाळू, विटांची भुकटी, गूळ आणि मेथीचे पाणी घालून गिलावा केला. टिना उतरवल्या आणि कवेलू पुन्हा चढवली. नवी कवेलू मिळेनात, पण गावात जी जुनी घरे पडत होती त्यांची कवेलू लोक फेकून देत होते. ती आम्ही आणली. त्यांच्या खाली बांबूची तट्टी आणि जलरोधक कापड घातले, म्हणजे माकडांनी दोन कवेलू सरकवली तरी घर गळू नये. माजघरावर फळ्यांचा आणि मातीच्या थराचा जुना माळा होता, तो तसाच ठेवला. छप्पर आणि माळा यांच्या मधली हवा हीच खरी गादी. बुजवलेले झरोके उघडून त्यांना बारीक जाळी लावली, म्हणजे तापलेली हवा निघून जाते आणि चिमण्याही आत येत नाहीत. पश्चिमेला बांबूचा पडदा सोडला. भिंतीच्या पायाशी दगडाचे पाणचर काढले, कारण आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते आणि पायाशी पाणी साचले तर ती कुठल्याच घराला सोडत नाही, पक्क्यालाही नाही.

एका गोष्टीवर मात्र मी जुन्या पद्धतीला नाही म्हटले. जमीन शेणाने सारवायची नाही, असे मी ठरवले. काही वारसाप्रेमी मंडळींनी घर पाहून हळहळ व्यक्त केली. त्यांना मी सांगितले की सारवण बाईच्या कमरेवर उभे असते. अम्मीच्या कमरेचे काय झाले ते मी पाहिले आहे. जुन्या घरांविषयी लिहिणाऱ्यांत सारवणाऱ्या फार थोड्या असतात. शहाबादी फरशी वाळूवर बसवली, सांधे चुन्याचे ठेवले. जमीन गार राहते, ओल अडत नाही, आणि अम्मी व्हीलचेअरवर सपरीपासून अंगणापर्यंत जाऊ शकते. स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास मागे सांदवाडीत विटांचे, स्लॅबचे बांधले. ज्या घरात म्हातारीला रात्री पावसात अंगण ओलांडून जावे लागते, ते घर कितीही सुंदर असले तरी तिच्यासाठी तो वारसा नव्हे, शिक्षा आहे.

त्या मागच्या स्लॅबचा पुढे आणखी एक उपयोग झाला. कवेलूंवर सौर पट्ट्या बसवता येत नाहीत. त्यांवर चालताच येत नाही आणि बसवल्या तरी घराचा चेहरा जातो. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली. दोन किलोवॅटला साठ हजारांचे अनुदान होते आणि जागा लागते सुमारे दोनशे चौरस फूट. सांदवाडीतला स्लॅब तेवढाच होता. गल्लीतून पट्ट्या दिसत नाहीत आणि त्यांच्या सावलीने स्वयंपाकघरही कमी तापते. पंचाहत्तर वॅटचे जुने पंखे काढून तीसच्या आतले नवे बीएलडीसी पंखे लावले. एसी लावला नाही. फटी-झरोक्यांच्या घराला एसी म्हणजे चाळणीत पाणी भरणे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याला वाळ्याची ताटी आणि एक कूलर पुरतो, पण त्यालाही समोरची खिडकी उघडी लागते, हे पुष्कळांना माहीत नसते.

मास्तरकीची सवय म्हणून मी दोन तापमापक आणले. एक आमच्या माजघरात, एक भाईजानांच्या वरच्या खोलीत, त्यांच्याच परवानगीने. गेल्या मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असताना दुपारी तीनला त्यांच्या खोलीत एकोणचाळीस होते आणि आमच्याकडे कूलरशिवाय चौतीस. हे एका घरातले आकडे आहेत, त्यावरून सिद्धान्त मांडू नये. रात्री नऊला आमचे घरही उबदार असते आणि खिडक्या उघडल्या नाहीत तर फरक उरत नाही. पावसाळ्यात भिंती सर्द होतात. उधई दरवर्षी येते. कवेलू दरवर्षी फेरावी लागतात. एकूण खर्च पावणेपाच लाख झाला, स्लॅबच्या घराचा अंदाज चौदा लाखांचा होता. पण स्लॅबच्या घराला पुढची वीस वर्षे कुणी विचारत नाही आणि या घराला दर उन्हाळ्यात विचारावे लागते. हा हिशेब लपवून मातीच्या घराची स्तुती करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

तरीही मला वाटते की दरवर्षी विचारावे लागणे हा दोषच आहे असे नाही. आफ्रिकेतल्या माली देशात जेन्ने गावी मातीची मोठी जामा मशीद आहे. आजची इमारत १९०७ ची. युनेस्कोने १९८८ मध्ये ते गाव जागतिक वारशात घेतले. पण मशीद टिकली ती यादीमुळे नव्हे. दरवर्षी सगळा गाव चिखल कालवतो, पुरुष भिंतीवर चढतात, बाया पाणी आणतात आणि मशिदीला नवा गिलावा होतो. वारसा म्हणजे तिथे दरवर्षीचे काम आहे. आपल्याकडे बापूकुटीही अशाच सततच्या लिंपणावर आणि डागडुजीवर उभी आहे.

आपल्या महाराष्ट्रातही पूर्वजांनी ही अक्कल वापरलेली आहे. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की सहलीत पुष्कळांनी पाहिली असेल. डोंगराकडून जमिनीखालच्या नळांतून आणलेले पाणी तिथे चक्की फिरवत असे. तिथल्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, त्यामुळे भर उन्हाळ्यात ते दालन गार राहते. वीज नव्हती, पण अडाणीपणही नव्हते. आणि जुन्या इमारतीत नवी सोय करताच येत नाही असेही नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झाले, २००४ मध्ये जागतिक वारसा ठरले आणि चेहरा तसाच ठेवून, आतले दिवे-पंखे कमी विजेचे करून त्याने हरित इमारतीचे मानांकनही मिळवले.

पण टर्मिनसला रेल्वे आहे, बापूकुटीला प्रतिष्ठान आहे. देवळीतल्या घराला कोण आहे? १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली झाली, काही शहरांच्या याद्या झाल्या. तालुक्याच्या गावातली सपरी, जिनाची जुनी इमारत, मोहल्ल्यातली चुन्याची मशीद बहुधा कुठल्याच यादीत नसते. ते सारे जमातीच्या आणि कुटुंबाच्या हातात असते. आपल्या जमातींकडे आता पैसा येतो आहे, ही आनंदाची गोष्ट. पण गावोगाव मी पाहते की पैसा आला की पहिली कुऱ्हाड जुन्या मशिदीवर पडते. उंच छत, जाड भिंती, जाळ्या जातात. त्या जागी काचा आणि चकचकीत फरशा येतात. मग आत बसवत नाही म्हणून एसी, एसीच्या बिलासाठी चंदा. पूर्वी जी हवा अल्लाहच्या मेहेरबानीने जाळीतून फुकट येत होती, तिच्यासाठी पावती फाडावी लागते. मशीद मोठी करू नये असे मी म्हणत नाही, नमाजी वाढले तर जागा लागणारच. पण पाडण्यापूर्वी एकदा माहीतगार माणसाला बोलावून भिंत ठोकून पाहावी, जुन्याच्या शेजारी नवे जोडता येते का ते पाहावे. जगात जेवढा कार्बन वायू माणूस सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे सुटतो. उभी भिंत पाडून नवी बांधताना हा भारही आपल्याच नावावर लिहिला जातो.

गेल्या उन्हाळ्यात भाईजान एक दिवस दुपारी अम्मीच्या खाटेजवळ येऊन झोपले. उठल्यावर म्हणाले, "माझ्या स्लॅबवर काही करता येईल का?" करता येते. वर पांढरा चुना मारता येतो, उलटी मातीची मडकी मांडून त्यावर चुनखडी घालता येते, वेलींचा मांडव घालता येतो. पक्क्या घरालाही कच्च्याची थोडी अक्कल देता येते. आम्ही बाबांना बोलावले. ते आता जिना चढू शकत नाहीत. त्यांनी खालूनच सांगितले आणि मजुरांनी ऐकले. पण चुना किती भिजला हे बोटाने कळते, कानाने नाही.

म्हणून यंदा मी एक केले आहे. मोहल्ल्यातली दोन पोरे, एक बारावी नापास आणि एक सेंटरिंगच्या कामावर जाणारा, बाबांच्या हाताखाली दिली आहेत. रोजी मी देते. सपरीची उत्तरेची भिंत त्यांना शिकायला मोकळी सोडली आहे. पहिला गिलावा त्यांनी केला तो आठ दिवसांत तडकला. बाबा म्हणाले, "तडकू दे. पुन्ना काढ, पुन्ना लाव." अम्मी खाटेवरून पाहत असते आणि पोरांना मधूनमधून रागावते. तिचा आठवा हिस्सा सध्या तीच भिंत आहे.